बाबांची बँक आणि कोळशाचं कर्ज

"ताई, मी २७ वर्षांची आहे. डोंबिवलीला राहते, परळला नोकरी करते आणि सुट्टीच्या दिवशी एका छोट्या गटाबरोबर काम करते. कोळशाच्या नव्या खाणींना आणि नव्या औष्णिक वीज केंद्रांना बँकांनी, विमा कंपन्यांनी पैसा पुरवू नये, एवढीच आमची मागणी. पत्रं पाठवतो, पत्रकं वाटतो, कधी शाखांबाहेर फलक घेऊन उभे राहतो. माझे बाबा सरकारी बँकेतून निवृत्त झालेत. मागच्या महिन्यात आम्ही नेमके त्यांच्याच जुन्या शाखेबाहेर उभे होतो आणि कोणीतरी तो फोटो सोसायटीच्या ग्रुपवर टाकला. 'जिच्या पगारावर तू शिकलीस तिच्या दारात घोषणा देतेस?' एवढंच बाबा म्हणाले. तेव्हापासून कामापुरतंच बोलतात. मावसभाऊ चंद्रपूरच्या वीज केंद्रात ठेकेदाराकडे कामाला आहे. तो म्हणाला, 'राख आम्ही खायची, एसी तुम्ही लावायचे, आणि आता आमचं कामही तुम्हीच काढून घ्या.' बँकांकडून तर उत्तरच येत नाही. कोणासाठी करतेय हे, तेच कळेनासं झालंय. सोडून देऊ का?"
– डोंबिवलीची एक वाचक

प्रिय मैत्रिणी,

सोडू नकोस. मात्र उभं कुठे राहायचं आणि विचारायचं काय, या दोन्ही गोष्टी बदल. सुरुवात मावसभावापासून करते, कारण त्याचं बोलणं तुला सगळ्यांत जास्त लागलंय आणि ते खरंही आहे.

चंद्रपूरचं केंद्र २,९२० मेगावॅटचं, महानिर्मिती या राज्य सरकारच्या वीजकंपनीचं सगळ्यांत मोठं. कोळसा त्याच मुलखातल्या खाणींतून निघतो, तिथेच जळतो, राख तिथेच पडते आणि वीज तारांवरून राज्यभर जाते. नागपूरजवळ कोराडीच्या पट्ट्यात खसाळ्याच्या राखेच्या तलावाचा बंधारा जुलै २०२२ मध्ये फुटला, राखेचा चिखल शेतांत आणि नाल्यांत गेला. मुंबईला त्याची साधी झळही लागली नाही. आपल्याजवळही कोळशावरची केंद्रं आहेत, ट्रॉम्बेला आणि डहाणूला. ट्रॉम्बेच्या धुराड्यांच्या आसपास माहुल-चेंबूरची माणसं राहतात, त्यांनाही या शहराने कधी फार विचारलेलं नाही. पण उन्हाळ्यात मुंबईची मागणी चार हजार मेगावॅटच्या पुढे जाते आणि त्यातला मोठा वाटा बाहेरून येतो. तेव्हा भावाशी वाद जिंकायला जाऊ नकोस. "तुझं खरं आहे" असं आधी म्हण, आणि ते मनापासून म्हण.

मग त्याला हे सांग. देशातली जवळजवळ तीन चतुर्थांश वीज आजही कोळशावर होते. २०२४-२५ मध्ये देशातलं कोळशाचं उत्पादन १०० कोटी टनांच्या पुढे गेलं. हे सगळं उद्या सकाळी बंद करा असं शहाणं माणूस म्हणणार नाही, तूही म्हणत नाहीयेस. तुझा प्रश्न त्या कर्जाविषयी आहे ज्यावर अजून सही झालेली नाही. २०३२ पर्यंत आणखी ८० हजार मेगावॅटची कोळशावरची क्षमता उभारायचं सरकारचं नियोजन आहे, आणि असं केंद्र उभं करायला लागणारा बहुतेक पैसा उसना असतो. वीजदर ठरवणारे आयोगसुद्धा कर्ज ७० आणि भांडवल ३० असंच गणित धरतात. हे कर्ज फिटायला पंधरा-वीस वर्षं जातात. एकदा पैसा ओतला की तो वसूल होईपर्यंत केंद्र चालवावंच लागतं, मग शेजारी वीज कितीही स्वस्त मिळो आणि गावातली हवा कशीही होवो. चंद्रपूरच्या मुलाबाळांची पुढची पंचवीस-तीस वर्षं कर्जमंजुरीच्या बैठकीत ठरून जातात, आणि त्या बैठका मुंबईत, दिल्लीत होतात. मुंबईतल्या मुलीने काय करायचं, याचं उत्तर मला इथे सापडतं. तो दरवाजा तुझ्या घरापासून लोकलच्या अंतरावर आहे.

भावाचं काम जाण्याची भीती मात्र तुझ्या मागणीत कुठेच दिसत नाही, आणि ती त्यातली खरी उणीव आहे. चंद्रपूरचे २१० मेगावॅटचे जुने दोन संच बंद झाले. तिथल्या कंत्राटी कामगारांचं पुढे काय झालं, हे त्याला विचार. कायम कामगाराला बदली मिळते. ठेकेदाराच्या माणसाला काय मिळतं? प्रॉव्हिडंट फंड तरी नीट भरला जातो का? त्याच्याकडून जे कळेल ते तुमच्या पत्रात जायला हवं. कोळशाला नवा पैसा देऊ नका, या वाक्याच्या जोडीला दुसरं वाक्य हवं: त्याच जिल्ह्यात सौर, साठवणूक, तारांचं जाळं, दुरुस्तीचे कारखाने यांना द्या आणि कंत्राटी कामगारांना तिथे आधी घ्या. हे दुसरं वाक्य नसेल तर चंद्रपूरच्या माणसाला तुमचा फलक आपल्या पोटावर पाय वाटणारच.

आता बाबा. सरकारी बँकेत उभं आयुष्य काढलेल्या माणसाला बँकेची बदनामी ही घरची बदनामी वाटते. त्यांचा राग मला समजतो. पण मला असंही वाटतं की या विषयात तुझ्या गटाला त्यांच्याइतका उपयोगी माणूस दुसरा मिळणार नाही.

मार्च २०१८ मध्ये संसदेच्या ऊर्जाविषयक स्थायी समितीने अडचणीत सापडलेल्या ३४ औष्णिक प्रकल्पांविषयी अहवाल दिला. क्षमता सुमारे ४० हजार मेगावॅट, अडकलेलं कर्ज सुमारे १ लाख ७४ हजार कोटी रुपये. हे कर्ज आंदोलकांनी बुडवलेलं नाही. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१४ मध्ये २१४ कोळसा खाणपट्ट्यांचं वाटप रद्द केलं आणि ज्यांनी त्या कोळशाच्या भरवशावर केंद्रं उभारली होती ते उघड्यावर पडले. काहींकडे कोळसा होता तर वीज घेणारं कोणी नव्हतं. आपल्या सिन्नरचंच बघ. १,३५० मेगावॅटचं केंद्र बांधून तयार, पण वीज खरेदीचा करार नाही, म्हणून वर्षानुवर्षं पडून राहिलं. त्या काळात सरकारी बँकांची थकीत कर्जं इतकी वाढली की ऑक्टोबर २०१७ मध्ये केंद्राला २ लाख ११ हजार कोटींची भांडवल-मदत जाहीर करावी लागली. त्या थकीत कर्जांत पोलाद होतं, रस्ते होते, इतरही बरंच होतं. वीज क्षेत्राचा वाटा लहान नव्हता. शाखेत बसलेल्या प्रत्येक माणसाने तो काळ सोसलाय. वसुलीचा तगादा, वरून येणारे फोन, आणि बाहेर लोक म्हणणार की सरकारी बँका बुडीत.

बाबांनी प्रकल्पकर्ज स्वतः हाताळलं नसेलही. पण कर्जाचा प्रस्ताव वाचायची नजर त्यांच्याकडे नक्की असेल. त्यांना विचार: कच्चा माल कुठून, माल घेणार कोण, जमीन ताब्यात आहे का, पाणी कुठलं, परवानग्या झाल्या का, तारण काय, हप्ते कशातून फिटणार? या प्रश्नांच्या शेवटी आणखी एक जोडायला सांग: २०४० साली ही वीज या भावाने कोण घेईल? डिसेंबर २०२० मध्ये गुजरातमधल्या लिलावात सौरविजेचा दर १ रुपया ९९ पैसे प्रति युनिट इतका खाली आला होता. ऊन रात्री नसतं, साठवणुकीचा खर्च वेगळा, हे तेही सांगतील आणि बरोबर सांगतील. पण हा कर्जदाराच्या परतफेडीच्या ताकदीचा प्रश्न आहे, म्हणजे त्यांच्याच कामाचा. शिवाय हे आता पर्यावरणवाल्यांपुरतं राहिलेलं नाही. रिझर्व्ह बँकेने जुलै २०२२ मध्ये हवामान बदलाच्या आर्थिक जोखमीवर चर्चापत्र काढलं, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये बँकांनी ही जोखीम जाहीर करावी यासाठी नियमांचा मसुदा आणला. बाबा तुझं ऐकणार नाहीत कदाचित. रिझर्व्ह बँकेचा कागद वाचल्याशिवाय राहणार नाहीत.

आणि त्यांच्या जुन्या शाखेबाहेर पुन्हा उभी राहू नकोस. त्यांना वाईट वाटतं हे एक कारण आहेच, पण मुख्य म्हणजे तिथे काही ठरत नाही म्हणून. शाखेतला रोखपाल, सोनं तारण ठेवायला आलेली बाई, दारावरचा सुरक्षारक्षक, यांच्यापैकी कोणाच्याही सहीने कोळशाला पैसा जात नाही. एवढी मोठी कर्जं मुख्य कार्यालयातल्या समितीपुढे जातात, अनेक बँका मिळून देतात आणि एक बँक त्यांचं नेतृत्व करते. नेतृत्व कोणाकडे आहे, हे शोधून काढणं हे अर्धं काम. दक्षिण मुंबईत निदर्शनांना आझाद मैदानाची जागा ठरलेली आहे. जायचं तर रीतसर परवानगी घेऊन तिथे जा. पण मला विचारशील तर तुमची ताकद फलकापेक्षा कागदात जास्त आहे.

हे मी उगाच म्हणत नाही. फ्रान्समध्ये ल्युसी पिन्सों नावाच्या बाईने हेच काम वर्षानुवर्षं केलं. कोणती बँक कोणत्या खाणीला किती पैसा देते हे शोधायचं, मोजायचं, भागधारकांच्या सभेत जाऊन विचारायचं, उत्तर मिळालं की त्यातली पळवाट दाखवायची. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडमध्ये अल्फा कोल नावाचा खाणप्रकल्प होता, त्यात आपल्याकडच्या जीव्हीके या कंपनीची भागीदारी होती. सोसिएते जनराल या फ्रेंच बँकेने २०१४ च्या अखेरीस त्यातून अंग काढून घेतलं. पुढे मोठ्या फ्रेंच बँकांनी कोळशाविषयीची धोरणंच बदलली. पिन्सोंना २०२० चा गोल्डमन पर्यावरण पुरस्कार मिळाला. जपानच्या किमिको हिराता यांना तोच पुरस्कार २०२१ मध्ये मिळाला. त्यांच्या संस्थेने २०२० मध्ये मिझुहो या बड्या बँकेच्या सभेत हवामानाविषयी ठराव मांडला. ठराव पडला, कारण दोन तृतीयांश मतं हवी होती. पण एक तृतीयांशाहून जास्त मतं पडली, आणि जपानच्या बँकिंग जगात ती कोणालाच दुर्लक्षून चालण्यासारखी नव्हती. पडलेल्या ठरावातून काम होतं ते असं.

आपल्या मुंबईचा धडाही यात आहे. नोव्हेंबर २०१४ मध्ये स्टेट बँकेने अदानींच्या ऑस्ट्रेलियातल्या कारमायकेल कोळसा खाणीसाठी एक अब्ज डॉलरपर्यंतच्या कर्जाच्या सामंजस्य करारावर सही केली. ते कर्ज तेव्हा गेलं नाही. नोव्हेंबर २०२० मध्ये पुन्हा त्याच खाणीला कर्ज देण्याच्या बातम्या आल्या, तेव्हा सिडनीत भारत-ऑस्ट्रेलिया सामन्यात दोन आंदोलक फलक घेऊन थेट मैदानात शिरले. तो फोटो सगळ्यांनी पाहिला. पण माझ्या मते अधिक वजन पडलं ते आमुंडी या फ्रेंच गुंतवणूक कंपनीचं. तिच्याकडे स्टेट बँकेचे हरित रोखे, म्हणजे पर्यावरणपूरक कामांसाठी म्हणून काढलेले कर्जरोखे, होते आणि खाणीला कर्ज दिलंत तर आम्ही ते विकू, असं तिने उघड सांगितलं. एकीकडे हरित म्हणून पैसा उचलायचा आणि दुसरीकडे कोळशाला द्यायचा, हे तिला चालणार नव्हतं. हा धागा तू पकड. रिझर्व्ह बँकेने २०२३ मध्ये हरित ठेवींचे नियम केले आहेत. जी बँक तुझ्याकडून हरित ठेव मागते, तिला विचारायचा हक्क तुला आहे की उरलेल्या पैशाचं काय करता.

या गोष्टीचा दुसरा भागही सांगते, नाहीतर पुढे तुझा भ्रमनिरास होईल. कारमायकेल खाण थांबली नाही. कंपनीने आकार लहान केला, स्वतःचा पैसा घातला आणि २०२१ च्या शेवटी कोळसा निघालाच. आपल्याकडेही बँका मागे सरल्या तर पॉवर फायनान्स कॉर्पोरेशन आणि आरईसी या दिल्लीच्या सरकारी संस्था कोळशाच्या विजेला मोठ्या प्रमाणावर पैसा पुरवतात. तेव्हा एका बँकेने नाही म्हटलं की संपलं, असं होत नाही. पैसा महाग होतो, उशीर होतो, आकार कमी होतो, काही प्रकल्प कागदावरच राहतात. माझ्या मते यासाठी काम करणं सार्थ आहे. डहाणूच्या लोकांना वीज केंद्र रोखता आलं नाही. पण नर्गिस इराणी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पिच्छा सोडला नाही, सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने १९९६ मध्ये तालुक्यासाठी पर्यावरण रक्षणाचं स्वतंत्र प्राधिकरण आलं, न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी त्याचे अध्यक्ष झाले, आणि कंपनी टाळत असलेली गंधक शोषणारी यंत्रणा शेवटी तिला बसवावी लागली. चिकूच्या बागांच्या त्या तालुक्यात याची किंमत काय, ते तिथल्या बागायतदारांना विचार.

तर आता प्रश्न काय विचारायचा? तुमचं पत्र मी वाचलेलं नाही, पण 'कोळशाला पैसा देणं थांबवा' अशा पत्राला बँक उत्तर देत नाही, हे मला नवल वाटण्यासारखं नाही. त्या वाक्याला उत्तर द्यायला कोणी बांधील नसतं. बँका दर वर्षी, काही तिमाहीलाही, जोखमीची माहिती जाहीर करतात. त्यात उद्योगवार कर्जाचा तक्ता असतो. स्टेट बँकेच्या तक्त्यात कोळसा आणि खाणकाम अशा ओळी आहेत, आणि पायाभूत सुविधांखाली वीज आहे. पण विजेच्या त्या एका आकड्यात बहुतेक बँका कोळशावरची वीज आणि सौरवीज एकत्रच घालतात. हाच प्रश्न विचार: या आकड्यातला कोळशाचा भाग किती? पुढच्या वर्षात नव्या कोळसा प्रकल्पाचा कुठला प्रस्ताव विचाराधीन आहे का? विजेचा खरेदीदार नसेल तर कर्ज नाही, असं लेखी धोरण आहे का? केरळची फेडरल बँक कोळशावरच्या नव्या वीज केंद्रांना पैसा देणार नाही असं जाहीरपणे म्हणते, मग तुमचं काय म्हणणं आहे? ही पत्रं शाखेला पाठवू नका. कंपनी सचिवाला पाठवा.

भागधारक म्हणून विचारलंत तर आणखी बरं. एक शेअर घेतला तरी वार्षिक सभेत बोलता येतं. हल्ली बऱ्याच सभा ऑनलाइन होतात आणि वक्ता म्हणून आधी नाव नोंदवावं लागतं. हिरातांसारखा ठराव आपल्याकडे मांडणं अवघड आहे, कारण कंपनी कायद्यात त्यासाठी एक दशांश भांडवलाचं पाठबळ लागतं. प्रश्नाला तशी अट नाही. सरकारी बँकांना माहितीचा अधिकारही लागू आहे. एखाद्या कर्जदाराचं नाव घेऊन विचारलंस तर व्यापारी गोपनीयतेचं कलम दाखवून अर्ज फेटाळला जाण्याची शक्यता जास्त. धोरण आणि एकूण आकडे विचार, ते नाकारणं कठीण जातं.

बँकांच्या नादात विम्याला विसरू नका. विम्याचं संरक्षण नसेल तर कर्जाचा हप्ता सुटत नाही. न्यू इंडिया अॅश्युरन्स आणि जीआयसी री (विमा कंपन्यांचाच विमा उतरवणारी सरकारी कंपनी) या दोन्हींची मुख्य कार्यालयं मुंबईतच आहेत. आणि तुझ्या घरी, शेजारी, नातेवाइकांत, सगळ्यांकडे एलआयसीची पॉलिसी असणार. एलआयसी कोल इंडियाची मोठी भागधारक आहे. 'योगक्षेम'ला, म्हणजे एलआयसीच्या मुंबईतल्या मुख्यालयाला, पॉलिसीधारकांनी मराठीतून लिहिलेली शंभर साधी पत्रं गेली तर मला ते कुठल्याही घोषणेपेक्षा मोलाचं वाटेल. फक्त प्रत्येक पत्रातला प्रत्येक आकडा त्यांच्याच अहवालातून घेतलेला असू दे. एक आकडा चुकला तर उरलेलं पत्र कोणी वाचणार नाही, आणि सिद्ध न करता येणारा आरोप नावानिशी केला तर नोटीस येईल.

बाबांकडे कसं जायचं ते तूच जास्त जाणतेस. मी असते तर माफी आणि समजावणी दोन्ही बाजूला ठेवून पत्राचा मसुदा त्यांच्यापुढे ठेवला असता: "बाबा, हा प्रस्ताव म्हणून वाचा आणि कुठे कच्चा आहे ते सांगा." लाल पेन घेतील कदाचित. किंवा घेणार नाहीत, तसंच टेबलावर पडू दे. त्यांनी तुझ्या बाजूने यावं अशी अट घालू नकोस. मसुदा तपासला तरी पुरे. शाखेबाहेरच्या फोटोविषयी त्यांच्याकडे बोलायचं असेल तर एवढंच म्हण की जागा चुकली, प्रश्न नाही.

सभांचा हंगाम जून ते सप्टेंबर. नोटीस किमान २१ दिवस आधी येते, म्हणजे तयारी उन्हाळ्यातच करावी लागेल. गटात तिघी-चौघी असाल तरी प्रत्येकीने एकेक बँक वाटून घ्या. भावाने सांगितलेलं काही पत्रात घालणार असाल तर आधी त्याला वाचून दाखव. त्याचं नाव, ठेकेदाराचं नाव, त्याची पाळी, काहीही जाऊ देऊ नकोस. तुझी नोकरी परळला सुरक्षित आहे, त्याची तिथे रोजच्या हजेरीवर आहे.